घोडा दिसतो, पागा दिसत नाही

आपल्या मराठीत घोड्यावरून किती वाक्प्रचार आहेत पाहा. वरातीमागून घोडं येतं, कुणाचं घोडं पेंड खातं, कुणाचं गंगेत न्हातं, कुणी आपलंच घोडं पुढं दामटतो, आणि घोडामैदान तर सदा जवळच असतं. या सगळ्यांत घोडा चालतो, धावतो, अडतो, न्हातो. पण तो रात्री कुठं उभा राहतो, त्याची लीद कोण उचलतो, आषाढाच्या पावसात त्याच्या तोबऱ्यात दाणा कोण घालतो, याविषयी आपल्या म्हणी गप्प आहेत. 'घोडा का अडला, भाकरी का करपली' या जुन्या कोड्याचं उत्तर तेवढं जवळ येतं : न फिरवल्यामुळे! म्हणजे काम नसलं तरी घोड्याला रोज फिरवायला माणूस लागतो, हे कोडं रचणाऱ्याला ठाऊक होतं.

घोडा दिसतो, पागा दिसत नाही. आज मला त्या न दिसणाऱ्या पागेविषयी लिहायचं आहे, आणि थोडं हिशेबाच्या भाषेत लिहायचं आहे. संस्कृतीवर लिहिणाऱ्यानं रुपये-आण्यांत शिरू नये असा एक संकेत आहे. तो मला पटत नाही. कुठलीही परंपरा टिकते किंवा मरते ती बहुतेक वेळा खर्चाच्या वहीत.

निमित्त आहे सुरतेचं. सुरत म्हटली की गोमंतकीय वाचकाला १६६४ आणि १६७० सालच्या महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर साड्या. पण आजच्या सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागात लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली अशी वस्ती आहे, तिथं गेलात तर आपण गुजरातेत आहोत की खानदेशात असा प्रश्न पडावा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं उधना-जळगाव रेल्वेमार्गानं दोन-तीन पिढ्या इकडे येत राहिली, यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबली, आणि इथंच रुजली. दुकानावर पाटी गुजराती, आणि ओट्यावरच्या गप्पा अहिराणीत. गणपती बसतो, कानबाई येते, आणि लग्नात नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो.

हा घोडा डिंडोलीतला. आणि त्याचा जन्म? बहुतेकदा तापीच्या वरच्या अंगाला झालेल्या सौद्यात त्याचा मालक बदललेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, कुठले कुठले घोडे येतात. २०१६ पासून त्याला 'चेतक फेस्टिव्हल' असं सरकारी नाव मिळालं आणि वर्तमानपत्रांत लाखालाखांच्या घोड्यांची छायाचित्रं छापून येऊ लागली. मालक पागोटं बांधून उभा, शेजारी पांढराशुभ्र घोडा, खाली किंमत. छायाचित्रात पागा नसतेच.

काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी डिंडोलीला गेलो होतो तेव्हा वरातीच्या घोड्यांचा एक तबेला मुद्दाम पाहून आलो. दोन घोड्या, पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना विटांची अर्धी भिंत, चौथ्या बाजूला साडीच्या गोण्या शिवून केलेला पडदा. मालक पन्नाशीचे, मूळचे धुळे जिल्ह्यातले, दिवसा टेम्पो चालवणारे. मी विचारलं, घोडी ठेवणं परवडतं का? ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, घोडा पयस तरी खास, उभा ऱ्हास तरी खास." पळाला तरी खातो, उभा राहिला तरी खातो. घोडा सांभाळण्याचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आलं.

आता जरा आकडे मांडू. वजनमापं पशुवैद्यकातली आहेत, भाव मी हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या गावच्या भावानं ते बदलून घ्या.

घोड्याला उभं राहायला, बसायला, लोळायला निदान बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद खण लागतो. छप्पर दहा-बारा फूट उंच हवं, कारण घोडा मान वर टाकतो आणि सुरतेचा उन्हाळा पत्र्यातून खाली उतरतो. दोन खण आणि पुढं पाच फुटांची पडवी धरली तर चारशे चौरस फुटांवर जागा झाली. चौरस फुटाला पाचशे रुपये धरले तरी दोन लाख. त्यात जमिनीचा पैसा नाही, आणि शहरात खरा पैसा जमिनीचाच असतो. तळाची फरशी गुळगुळीत चालत नाही, घोडा घसरून पाय मोडतो. शिवाय तिला उतार हवा, नाहीतर मूत्र साचतं, त्याचा अमोनिया होतो आणि कोंडलेल्या हवेत घोड्याची फुप्फुसं खराब होतात. विजेची तार त्याच्या तोंडापासून दूर हवी. चारा वेगळा आणि कोरडा हवा. पाण्याचं भांडं ज्याचं त्याला हवं.

हे बांधकाम एकदाच होतं. पण त्यानंतर रोजचा खर्च सुरू होतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे सात-आठ किलो. त्यात सहा किलो कडबा-गवत बारा रुपये भावानं धरा, आणि हरभरा, जव, कोंडा मिळून दोन किलो चंदी चाळीस रुपयांनी. झाले १५२ रुपये. दोन घोड्यांचे ३०४. वर्षाचे एक लाख अकरा हजार. पाणी प्रत्येकी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद येतो. वर्षाला आठ वेळा, दोन घोडे, प्रत्येकी आठशे धरले तर तेरा हजार. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, पोटशूळ उठला तर रात्री-अपरात्री डॉक्टर असे दहा हजार. जागेचं भाडं महिना पाच हजार, म्हणजे साठ हजार. खरारा करायला, फिरवायला, लीद काढायला एक पोरगा महिना दहा हजारांवर, त्याचे एक लाख वीस हजार. खोगीर, झूल, झगमगीत साज यांवर पंधरा हजार. पत्रे आणि फरशीची डागडुजी दहा हजार. बेरीज करा. साधारण तीन लाख चाळीस हजार होते. घोड्यांची किंमत, तबेल्याचे दोन लाख आणि मालकाची स्वतःची मेहनत यांत धरलेलीच नाही.

आता उत्पन्न. लग्नाच्या तिथी मोजा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, लग्नं बंद. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजरातेत कमूर्ता, लग्नं बंद. होळीच्या आधीचे आठ दिवस बंद. उरलेल्या दिवसांतून वर्षाला पंचेचाळीस चांगले मुहूर्त मिळाले आणि प्रत्येक मुहूर्ताला दोन्ही घोडे लागले असं धरू. म्हणजे नव्वद वराती. तीन लाख चाळीस हजारांना नव्वदनं भागलं की पावणेचार हजार येतात. एका वरातीमागं पावणेचार हजार हाती आले तर मालक फक्त बरोबरीत सुटतो. नव्वदच्या साठ झाल्या की हाच आकडा साडेपाच हजारांच्या वर जातो. आणि आपण काय करतो? मंडपवाल्याशी नाही, डीजेवाल्याशी नाही, घासाघीस करतो ती घोडेवाल्याशी. "तासाभराचं तर काम, एवढे पैसे कसले?"

तासाभराचं काम नाही हो ते. पंचेचाळीस दिवस काम आणि तीनशे वीस दिवस उभं राहणं. दर आठ दिवसांतला एक दिवस कमाईचा, आणि त्या एका दिवसानं आठही दिवस पोसायचे. आपण तासाचं भाडं देतो आणि चातुर्मास त्याच्या गळ्यात टाकतो. मग तो काय करणार? चंदी कमी करतो. नाल झिजेपर्यंत थांबतो. एका संध्याकाळी एकाच घोड्याला तीन वराती लावतो. वरातीत फटाक्यांना बुजलेलं, बरगड्या दिसणारं जनावर पाहून आपण हळहळतो, पण त्या बरगड्यांत आपली घासाघीस दिसते हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे शहाणपण काही मी नव्यानं सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात घोड्याच्या खणाचं माप आहे, फळ्यांची जमीन आहे, चाऱ्यासाठी वेगळी जागा आहे, आणि लीद-मूत्र बाहेर जाण्याची वाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीतला उतार आणि मोरी आजच्या शहरी तबेल्यात सापडली तर नशीब.

आणि महाराजांची पागा! शिवकाळात स्वार दोन तऱ्हेचे होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, त्याचं पोषण त्याच्या माथी. बारगीर बसायचा तो सरकारी पागेतल्या घोड्यावर. महाराजांचा कल पागा वाढवण्याकडे होता, शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली असावेत असा होता. सभासद सांगतो की पंचवीस बारगिरांमागं एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांसाठी एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा हे लष्कराच्या रचनेतच बसवलेले होते. ऐन वेळी गावातून धरून आणायचे नव्हते. पागेचा हिशेब लिहायला पागनीस होता, आणि हे हुद्दे पुढं आडनावं होऊन आपल्यात राहिले. आजही पागे आणि पागनीस आपल्याला भेटतात.

चिपळूणजवळ हलवर्ण इथं छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठवलेलं पत्र अनेकांना शाळेपासून ठाऊक असतं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, यासाठी ते गाजलं. पण ते पत्र मुळात पागेच्या खर्चाचं आहे, हे नीट वाचलं की कळतं. दाणागोटा आणि वैरण आत्ताच मनमानी उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, मग घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून त्याचं धान्य नि गवत घ्याल, असा तो युक्तिवाद आहे. पुढं तर गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावरचा राजा उंदरानं पळवलेल्या वातीचा विचार करतो! कारण त्याला माहीत होतं की पागेचा खर्च नीट भागवला नाही तर तो नाहीसा होत नाही, तो रयतेच्या अंगावर जाऊन पडतो.

डिंडोलीत तो खर्च कुणाच्या अंगावर पडतो? आधी घोड्याच्या, मग मालकाच्या घरातल्या बायकामुलांच्या, आणि शेवटी गल्लीच्या. दोन घोड्यांची लीद वर्षाला बारा टनांवर जाते. खेड्यात ते सोनं आहे, शेतकरी मागून नेतो. शहरात तो कचरा, आणि उचलायला कुणी नसेल तर नाल्यात. १९९४ च्या प्लेगनंतर स्वच्छतेचा धडा गिरवलेल्या सुरतेनं असा तबेला वस्तीत नको म्हटलं तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यात ग्लँडर्ससारखा रोग आहे. तो एका भांड्यातल्या पाण्यातून घोड्याघोड्यांत पसरतो, माणसालाही होऊ शकतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित जनावर मारावं लागतं. सरकारी भरपाई मिळते, पण घोडा विकत घेताना काढलेलं कर्ज तीत फिटत नाही. म्हणजे 'ज्याचं त्याला भांडं' ही चैन नाही, तो कमीतकमी खर्च आहे.

मग बंदीच का घालू नये? मुंबईचं उदाहरण आहे. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या थांबवायला सांगितलं. न्यायालयापुढं आलेल्या मुद्द्यांत तबेल्यांची हलाखी आणि त्यांना परवाने नसणं हा मोठा मुद्दा होता. निकाल योग्यच होता. पुढं २०२१ साली बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. पण त्याच शहरात २०२४ च्या सुरुवातीला महालक्ष्मी रेसकोर्सचे तबेले नव्यानं बांधण्यासाठी महापालिकेनं सुमारे १०० कोटी खर्च करावेत असा प्रस्ताव चर्चेत आला आणि त्यावर बरीच टीका झाली. एका घोड्याला कोटींची चर्चा, दुसऱ्याला गोणीचा पडदा. दोन्ही घोड्यांची भूक सारखीच, दोघांची लीदही तेवढीच.

आणि घोडे कमीच होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, २०१९ मध्ये तीन लाख चाळीस हजार उरली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्के घट. बंदी न घालताही पागेचा खर्चच घोड्याला संपवतो आहे, फक्त सावकाश.

आम्हां गोंयकारांना हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. एकेकाळी गोवा हे अरबी घोड्यांचं बंदर होतं. १५१० नंतर पोर्तुगीजांनी होर्मुझहून येणारा घोड्यांचा व्यापार गोव्यात ओढून आणला आणि त्याच्या जकातीवर तिजोरी भरली. फर्नांव नुनीझ लिहून ठेवतो की विजयनगरचा राजा वर्षाला तेरा हजार घोडे घ्यायचा. त्याआधीच्या नरसिंह राजाबद्दल तर तो सांगतो की हजार पारदांवला तीन या भावानं तो जिवंत-मेलेले दोन्ही घोडे घ्यायचा, आणि समुद्रात मेलेल्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मोजायचा. इतके घोडे दरवर्षी का लागत? कारण आलेले जगत नसत. मार्को पोलोनं दक्षिणेतल्या पागांविषयी हेच लिहिलं होतं : हवा मानवत नाही, खायला भलतंच घालतात, निगा राखणारी माणसं नाहीत. घोड्यावर अफाट पैसा आणि पागेवर काटकसर, हा रोग जुना आहे.

आणि याच गोव्यात आपल्याकडे घोडेमोडणी आहे. डिचोली, पेडणे, सत्तरीच्या भागात शिगम्याला राण्यांच्या पराक्रमाची आठवण म्हणून नाचणारे कमरेला लाकडी घोडा बांधतात, हातात तलवार घेतात आणि ढोल-ताशावर घोडा असा काही नाचवतात की जिवंत घोडा लाजावा. या घोड्याला चंदी लागत नाही. शिगमो झाला की तो देवळात किंवा माळ्यावर चढतो, वर्षभर गप्प असतो. आमच्या पूर्वजांनी खर्चाचा विचार करून तो घडवला असं मी म्हणत नाही. पण सन्मानासाठी घोडा हाडामांसाचाच हवा असं नाही, एवढं तरी त्यातून शिकता येतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घोडा हवा असेल तर पागेचे पैसे द्या. शहरांनी हद्दीवर एखादी सामाईक पागा आखून द्यावी. पाणी, मोरी, लीद नेणारी गाडी आणि आठवड्यातून एकदा पशुवैद्य एवढं तिथं असावं. फुकट देऊ नये, घोड्यामागं भाडं घ्यावं. 'करदात्याच्या पैशावर लग्नाची मिजास कशाला' हा आक्षेप मग उरत नाही. या लोकांना दान नको आहे, कायद्यानं उभं राहता येईल अशी बारा फुटांची जागा हवी आहे. ठरवताना नवऱ्याकडच्यांनी भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : घोडा राहतो कुठं, आणि आज त्याची ही कितवी वरात? शक्य असेल तर जाऊन पाहावं. मंडपाची जागा आपण तीनदा पाहतो, तबेला एकदा पाहायला काय हरकत आहे?

आणि हे नको असेल, परवडत नसेल, तर नवरदेवानं चालत जावं. मारुतीराय काही घोडा पाहून दर्शन देत नाहीत. घासाघीस करून आणलेला उपाशी घोडा मात्र कुणाच्याच लग्नात नको.

हे फक्त घोड्याचं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दशावतारी मंडळीला आपण एका रात्रीची बिदागी देतो, पावसाळा त्यांचा त्यांनी काढायचा. सुरतेत काय, गोव्यात काय, मराठी दिनाला भाषण होतं, आणि मराठी शाळेचं गळकं छप्पर वर्षभर तसंच गळतं. आपल्याला मिरवणूक हवी असते, तिचे उरलेले तीनशे वीस दिवस नको असतात. संस्कृती मात्र त्या तीनशे वीस दिवसांतच राहते. तिथं कुणीतरी पहाटे उठून लीद काढत असतं, आणि त्या माणसाचं भाडं आपण अजून चुकतं केलेलं नाही.